मंडळाची वेबसाइट नव्यानं करायची आहे: जुनं ठरीव पान आणि आजचं बोलतं पान, यांत नेमका फरक काय?

दांडियाबाजार | रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडियाबाजारात आमच्या मंडळाचं छोटं मराठी वाचनालय आहे. पुस्तकं सहा हजारांच्या आसपास, सभासद दोनशेच्या आत. गेल्या बैठकीत ठरलं की वेबसाइट नव्यानं करायची. २००१ मध्ये पहिली साइट मीच केली होती, त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात आलं. बैठकीत एका तरुण सभासदानं विचारलं, "काका, तुमच्या वेळची साइट आणि आताची साइट यांत फरक काय? दोन्ही ब्राउझरमध्येच उघडतात ना?" मला तिथल्या तिथं नीट सांगता आलं नाही. आठवडाभर डोक्यात घोळत होतं, ते इथं लिहितो. चुकलं असेल तिथं सुधारा. शेवटी एक सल्लाही हवा आहे.

आमची २००१ ची साइट म्हणजे सात पानं होती. मुखपृष्ठ, इतिहास, कार्यकारिणी, कार्यक्रम, पुस्तकांची यादी, छायाचित्रं, संपर्क. घरी नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची खुणांची भाषा, लिहायचं, फ्लॉपीवर घ्यायचं, रावपुऱ्यातल्या सायबर कॅफेत जाऊन एफटीपीनं इंटरनेटवर चढवायचं. एकेक पान म्हणजे सर्व्हरवर, साइट साठवणाऱ्या दूरच्या संगणकावर, ठेवलेली एकेक फाइल. कुणी पत्ता टाकला की सर्व्हर ती फाइल उचलून जशीच्या तशी हातात देणार. मागणारा कोण, काल येऊन गेला का, त्याला नेमकं काय हवंय, याच्याशी सर्व्हरला कर्तव्य नाही. कपाटातून कागद काढून देणारा माणूस असावा तसं.

यात त्रास कुठं होता ते एका प्रसंगावरून सांगतो. गावातल्या दूरध्वनी क्रमांकांच्या आधी २ लागला, तेव्हा आमचाही नंबर बदलला. तो नंबर सातही पानांच्या तळाशी होता. सातही फायली उघडून हातानं बदलल्या, पुन्हा कॅफेत गेलो, चढवल्या. घरी आल्यावर लक्षात आलं की छायाचित्रांच्या पानावर जुनाच राहिला. पुस्तकांच्या यादीचं तर विचारूच नका. नवं पुस्तक आलं की यादीत वर्णक्रमानं नेमकी जागा शोधून ओळ घुसवायची. पहिलं वर्ष उत्साहानं केलं. पुढं यादी मागं पडत गेली आणि कपाट पुढं गेलं.

आताच्या साइटवर पान आधी कुठं ठेवलेलंच नसतं. माहिती कोष्टकांमध्ये असते, म्हणजे डेटाबेसमध्ये. पुस्तकांचं एक कोष्टक, सभासदांचं एक, देवघेवीचं एक. तुम्ही पत्ता टाकला की सर्व्हरवरचा प्रोग्राम कोष्टकं चाळतो आणि त्या क्षणी तुमच्यासाठी पान जुळवून देतो. डबा भरून ठेवणं आणि पानावर बसलेल्याला विचारून वाढणं, इतका हा फरक आहे. नंबर बदलला तर एका जागी बदला, सगळीकडे बदलतो.

बैठकीत मी रेल्वेचं उदाहरण द्यायला हवं होतं. गाडीचं वेळापत्रक ठरीव पानावर चालतं, ते रोज बदलत नाही. पण कुठल्या डब्यात कोणता बर्थ मोकळा आहे, हे पान आधी लिहून ठेवताच येत नाही. तुम्ही बघत असतानाच दुसऱ्या गावी कुणी तो घेतलेला असतो. २००२ मध्ये रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर मिळू लागलं, ते पानामागं जुळवाजुळव करणारं यंत्र आलं म्हणूनच.

दुसरी गोष्ट आठवण ठेवण्याची. वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. एकाच माणसानं लागोपाठ दोन पानं मागितली, तरी सर्व्हरच्या लेखी ती दोन परकी माणसं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली. देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो ना, तसंच. चप्पल त्याच्याकडे, तुमच्याकडे फक्त नंबराचा बिल्ला. प्रत्येक वेळी ब्राउझर तो बिल्ला दाखवतो आणि सर्व्हर ओळखतो की हे मघाचेच गृहस्थ. लॉगिन, खरेदीची टोपली, "तुम्ही इथपर्यंत वाचलं होतं" ही खूण, सगळं या बिल्ल्यावर उभं आहे.

तिसरी पायरी म्हणजे पान न बदलता पानाचा तुकडा बदलणं. पूर्वी नकाशाच्या साइटवर थोडं पूर्वेला सरकायचं तर बाण दाबायचा, पडदा पांढरा व्हायचा, सगळं पान नव्यानं उतरायचं. २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं आणि मी पहिल्यांदा नकाशा माउसनं धरून ओढला. मांडवीवरून ओढत सुरसागरापर्यंत आलो. त्या दिवशी कळलं की पान ही वस्तू आता कागद राहिली नाही.

आता माझ्या मनातली गोष्ट. आपल्याकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत जायची, वाचून झाली की पेटी परत. माझी जुनी साइट ही अशी पेटी होती. ज्यानं भरली त्यानं भरली, उघडणाऱ्यानं त्यातलं वाचायचं. आणि तेही थोडं नव्हतं.

पण आमच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची शेवटची कोरी पानं कधी उघडून बघा. पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: "पान ११२ फाटले आहे." त्याखाली वेगळ्या अक्षरात: "११२ नव्हे, १२१." आणखी खाली: "शेवट मनाला लागतो. रात्री वाचू नये." नियमानुसार पुस्तकात लिहायला बंदी. तरी चाळीस-पन्नास वर्षं लोक लिहीत आले. नव्या साइटवर मला ही पेन्सिल हवी आहे. सल्ला एवढाच हवा, की त्यासाठी सगळी साइटच डेटाबेसवाली करायची का? पैसे थोडे आहेत, आणि माझ्यानंतर ती सांभाळणार कोण, हे ठरलेलं नाही.

---

सुरसागरकाठ | रविवार, दुपारी १२.४०

काका, मी शनिवारी काउंटरवर बसते, तुम्ही ओळखलं असेलच. पेन्सिलीचं अगदी खरं आहे. परवा एका कादंबरीच्या मागं तीन पिढ्यांची अक्षरं सापडली. एक बोरूचं वळण, एक शाळेतलं गोल अक्षर आणि एक आताचं, पाय मोडलेलं.

मला एकच सांगायचंय. आपल्या काउंटरवर येणाऱ्या आजींना नव्या साइट्सवर सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितेय? पान संपत नाही याचा. जुन्या पानाला तळ होता. तळाशी पत्ता आला की कळायचं, झालं वाचून. आता खाली सरकत जावं तसं नवीन येतच राहतं. एक आजी मला म्हणाल्या, "अगं, याला शेवटचं पान कुठाय?" त्यांना वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. कृपा करून आपल्या साइटला तळ ठेवा.

---

कोडवाला_इंदूर | रविवार, दुपारी ३.०५

काका, मांडणी आवडली. वीस वर्षं हेच काम करतो, म्हणून दोन दुरुस्त्या सुचवतो आणि मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पहिली दुरुस्ती. "जुनं म्हणजे मुकं, नवं म्हणजे बोलतं" असं कालक्रमानं लावू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही यायचं आणि तिथंच दुरुस्तही करता यायचं. म्हणजे तुमची पेन्सिल पहिल्या दिवसापासून कल्पनेत होती. पुढं मोझेक आणि नेटस्केप घरोघरी पोचले, ते मुख्यतः वाचायचे ब्राउझर होते, आणि लिहिण्याची बाजू मागं पडली. तरी १९९३ मध्येच सीजीआय आलं होतं. म्हणजे पान मागितल्यावर सर्व्हरनं फाइल न देता एक प्रोग्राम चालवायचा आणि त्याचं उत्तर पान म्हणून द्यायचं. तुमच्या २००१ च्या साइटवर "आपण अमुकावे पाहुणे" असा आकडा होता का? असणारच, तेव्हा सगळ्यांकडे होता. तो आकडा ठरीव पानातलं बोलकं छिद्र होतं. अभिप्राय वहीसुद्धा तशीच.

दुसरी दुरुस्ती. "बोलतं पान" म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. एक, सर्व्हर पान जुळवून देतो. पीएचपी वगैरे सर्व्हरवर चालणाऱ्या भाषा, ही १९९५ पासूनची मंडळी. दोन, पान तुमच्या ब्राउझरमध्ये येऊन तिथं हालचाल करतं. ती जावास्क्रिप्ट या भाषेची करामत, तीही १९९५ चीच. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत केला. पान न बदलता मागच्या मागं सर्व्हरशी बोलायची सोय मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणली, पण तिची ताकद लोकांना दिसली ती २००४ च्या जीमेलमध्ये आणि २००५ च्या नकाशात. त्याच वर्षी त्या पद्धतीला अजॅक्स हे नाव पडलं. आता तर अशा साइट्स आहेत की सर्व्हर जवळजवळ रिकामं पान पाठवतो आणि सगळं ब्राउझरमध्ये बांधलं जातं. अशा पानाचा मूळ मजकूर उघडून बघा. बातमीच्या पानात बातमी नसते, फक्त बातमी आणणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता असतो. तो प्रोग्राम वाटेत अडकला की वाचकासमोर पांढरा पडदा.

वजनाचाही विचार करा. तुमचं २००१ चं पान चित्रांशिवाय वीसेक केबी असेल. तेव्हाच्या ५६ केबीपीएस मोडेमवर सेकंदाला पाचेक केबी उतरायचे, म्हणजे चार-पाच सेकंदांत काम झालं. आज दोन एमबीचं पान सहज दिसतं. त्याच मोडेमवर त्याला सहा-सात मिनिटं लागली असती. आता लाइन वेगवान आहे, मान्य. पण तळमजल्यावर जिथं एकच काडी रेंज येते तिथं काउंटरवरच्या ताईंना ते दोन एमबी जाणवणारच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर रात्री सविस्तर देतो. क्लायंटचा फोन आला.

---

जुना_कंपोझिटर | रविवार, सायंकाळी ६.३०

मी ग्वाल्हेरचा. तिथल्या लष्कर भागात आमचा छापखाना होता. मी आधी शिशाचे खिळे जुळवले आणि नंतर संगणकावर आलो. त्यामुळे मला या सगळ्यात एकच गोष्ट दिसते, आणि ती अजून कुणी बोललेलं नाही. अक्षर.

इंग्रजी पान १९९५ मध्ये जगात कुठंही उघडलं तरी वाचता यायचं. मराठी पानाचं तसं नव्हतं. प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि प्रत्येक फाँटची आतली सांकेतिक मांडणी वेगळी. एकाच्या फाँटमध्ये जिथं "क" बसवला तिथं दुसऱ्यानं "ळ" बसवलेला. वाचकाकडे नेमका तो फाँट नसला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. त्यामुळे प्रत्येक मराठी साइटच्या दारात पाटी: "आधी फाँट उतरवून घ्या." पुढं पानाबरोबर आपोआप फाँट पाठवायची सोय आली, पण ती ठरावीक ब्राउझरमध्येच चाले. कित्येकांनी कंटाळून मजकुराचं चित्रच काढून चिकटवलं.

आता विचार करा. अशा पानावर वाचक उत्तर कसा देणार? त्याच्याकडे फाँट असला तरी त्या फाँटचा कळफलक त्याला येत नाही. चौकट ठेवली तरी तो त्यात रोमन लिपीत मराठी लिहिणार. म्हणून आमच्या भाषेतलं बोलतं पान अजॅक्सनं आणलेलं नाही, ते युनिकोडनं आणलं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यात देवनागरी होती. पण आमच्या टेबलापर्यंत यायला विंडोज २००० आणि एक्सपी उजाडलं. एक्सपीतही आधी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, भाषांच्या खिडकीत खूण करून, मूळ सीडी घालावी लागे, तेव्हा कुठं जोडाक्षरं जुळायची. तोवर "क्" वेगळा आणि "ष" वेगळा, मध्ये पाय मोडलेला. मी कितीतरी घरी जाऊन ती खूण करून दिली आहे. मग बरहासारखी साधनं आली, रोमन कळांवरून मराठी उमटू लागलं आणि लोक लिहिते झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो याच सांध्यावर.

दांडियाबाजारसाहेब, तुमची २००१ ची पानं कुठल्या फाँटात होती?

---

दांडियाबाजार | रविवार, रात्री ९.१०

कंपोझिटरसाहेब, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

ती साइट एका फुकट जागेवर ठेवली होती. काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. आधी सूचना आली असेल, पण ज्या मेलवर आली तो कुणी उघडत नव्हतं. मात्र २००३ मध्ये मी सगळ्या फायली सीडीवर घेतल्या होत्या. तुमचा प्रश्न वाचून उठलो, माळ्यावरून खोकं काढलं. भाचीकडे सीडी चालणारा जुना लॅपटॉप आहे, तो मागवला. सीडी फिरली. सातही पानं उघडली! तेवीस वर्षांनी, कुठलाही सर्व्हर नसताना, कुठलाही पासवर्ड नसताना. कोष्टकांच्या रेषा जागच्या जागी, गणपतीचं चित्र वर उजवीकडे, कार्यक्रमाच्या पानावरची सरकणारी पट्टी अजून सरकतेय.

आणि मजकूर सगळा चिखल. एक ओळ वाचता येईना. अंक तेवढे ओळखू आले, म्हणून दूरध्वनी क्रमांक कळला. छायाचित्रांच्या पानावरचा, जुना.

बराच वेळ बघत बसलो. आई तेव्हा कार्यकारिणीत होती. तिचं नाव त्या पानावर कुठं आहे हे मला ठाऊक आहे, तिसऱ्या ओळीत. पण वाचता येत नव्हतं.

---

जुना_कंपोझिटर | रविवार, रात्री ९.३५

पानं गेलेली नाहीत. फाइलमध्ये फाँटचं नाव लिहिलेलं असतं. पानाचा मूळ मजकूर उघडा, "फेस" या शब्दापुढं जे नाव दिसेल ते मला कळवा. बहुतेक जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मी जपून ठेवलेत. र्‍हस्व वेलांटी आणि रफार हे दोन हातानं तपासावे लागतात, कारण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. तीन तासांचं काम आहे. मी करून देतो.

---

किल्ल्याखालचा | सोमवार, सकाळी ८.२०

काकांची सीडी वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या एका नाट्यसंस्थेचा अनुभव नेमका उलटा आहे. २०१२ मध्ये आम्ही थाटात नवी साइट करून घेतली. सभासदांचं लॉगिन, प्रत्येक प्रयोगाखाली प्रेक्षकांचे अभिप्राय, सगळं. लोकांनी मनापासून लिहिलं. एका ज्येष्ठ बाईंनी १९६० च्या दशकातल्या तालमींच्या आठवणी प्रतिक्रियांच्या चौकटीतच लिहिल्या होत्या, सात-आठ भागांत. ज्यांनी साइट केली त्यांनी दोन वर्षांनी धंदा बदलला. नूतनीकरणाचे पैसे कुणाला भरायचे ते कळेना, पासवर्ड कुणाकडे ते कळेना. एक दिवस पान उघडेनासं झालं. डेटाबेसची प्रत कुणीच घेतलेली नव्हती. त्या बाई आता नाहीत. त्या आठवणी कागदावर कधी लिहिल्याच नव्हत्या.

जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधलं. मुखपृष्ठ मिळालं, लॉगिनच्या आतलं काहीच नाही. स्वाभाविक आहे. पानं गोळा करणारा त्यांचा प्रोग्राम दारापर्यंत येतो, त्याला आत यायचा बिल्ला कुणी दिलेला नसतो.

ठरीव पान मेलं तरी प्रेत राहतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आमच्याकडे तेही राहिलं नाही.

---

न्यूजर्सीचा_बडोदेकर | सोमवार, सकाळी ११.५०

किल्ल्याखालचा, वाचून वाईट वाटलं. तरी मी बोलत्या पानाच्या बाजूनं बोलणार.

मी दांडियाबाजारातच वाढलो. ज्या वाचनालयाबद्दल काका लिहिताहेत त्याच्या ओट्यावर बसून मी सुट्टीत पुस्तकं संपवली आहेत. आता वर्षाआड येतो. माझ्यासाठी ठरीव पान म्हणजे काचेपलीकडचं वाचनालय. दिसतं, आत जाता येत नाही. मागच्या महिन्यात वडिलांसाठी एक आत्मचरित्र शोधत होतो. आपल्याकडे आहे का, कुणाकडे गेलंय का, हे विचारायला मला फोन करावा लागला, आणि आपल्याकडे संध्याकाळ तेव्हा माझ्याकडे सकाळची ऑफिसची धावपळ. साइटनं एवढं सांगितलं असतं, "आहे, आत्ता कपाटात आहे", तरी पुरे होतं.

फक्त एक नुकसान मीही रोज भोगतो. पूर्वी वडिलांना फोनवर सांगायचो, "बाबा, तिसऱ्या ओळीवर निळी अक्षरं आहेत, तिथं दाबा." त्यांच्या आणि माझ्या पडद्यावर एकच पान असायचं. आता त्यांच्या लॉगिनला वेगळं दिसतं, माझ्या लॉगिनला वेगळं, मोबाइलवर आणखी वेगळं. मी म्हणतो "उजवीकडे वर", ते म्हणतात "तिथं काही नाही." दोघंही खरंच बोलत असतो. नवी साइट करताना निदान मुख्य पानं सगळ्यांना सारखी दिसू द्या. मदत करणाऱ्याला ते फार लागतं.

---

सुरसागरकाठ | सोमवार, दुपारी २.१५

कुणाकडे गेलंय हे साइटवर दाखवू नका, प्लीज. "बाहेर आहे" एवढंच पुरे. काउंटरवर मला रोज दिसतं की लोक काय वाचतात हे ते घरीसुद्धा सांगत नाहीत. एक बाई आजाराबद्दलची पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. जुन्या पानाला वाचक कोण हे माहीतच नव्हतं, हा त्याचा मोठा गुण होता. आपण लॉगिन आणलं की हे सगळं आपल्याकडे साठणार. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

---

कोडवाला_इंदूर | सोमवार, रात्री १०.४५

उशीर झाला, माफ करा. सगळं वाचलं. आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर.

सगळी साइट डेटाबेसवाली करू नका. तुमच्या साइटवर रोज खरोखर बदलणाऱ्या गोष्टी मोजल्या तर दोनच निघतात: पुस्तक आत आहे की बाहेर, आणि वाचकांची पेन्सिल. इतिहास, कार्यकारिणी, कार्यक्रम, छायाचित्रं ठरीवच राहू द्या. फक्त सात फायलींत सात वेळा नंबर बदलायचा त्रास आता नको. ठरीव पानं तयार करून देणारी साधनं आहेत. २००८ मध्ये जेकिल आलं, त्यानंतर बरीच आली. मजकूर साध्या फायलीत लिहायचा, तळाचा नंबर एका जागी, आणि साधन सगळी पानं एकदम छापून देतं. निघतात त्या साध्या एचटीएमएल फायली. त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, तेवीस वर्षांनी उघडेल. या वेळी अक्षरांसकट, कारण युनिकोड.

पुस्तकांच्या शोधालाही सर्व्हर लागत नाही. हिशेब केला. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. नाव आणि लेखक मिळून चाळीसेक चिन्हं, वर क्रमांक आणि विषय. पुस्तकामागं दीडशे बाइट धरा. सहा हजार पुस्तकांचे नऊशे केबी. दाबून पाठवले की त्याहून बरेच कमी. एका छायाचित्राइतकं वजन. ती यादी एकदा ब्राउझरमध्ये उतरली की शोध तिथंच, टंकता टंकता होतो. न्यूजर्सीच्या दादांना उत्तर लगेच मिळेल. शोधणाऱ्यानं काय शोधलं हे आपल्यापर्यंत येतच नाही, म्हणजे ताईंचंही काम झालं. आत-बाहेर दाखवण्यासाठी काउंटरवरून रोज रात्री यादी नव्यानं छापायची. एक दिवस शिळी राहील. रेल्वेच्या बर्थसारखी घाई इथं नाही.

पेन्सिलीसाठी मात्र यंत्र लागेलच, तिथं कंजुषी नको. प्रत्येक पुस्तकाच्या पानाखाली एक चौकट. लिहिलेलं थेट प्रसिद्ध होणार नाही. आधी एका वहीत येईल, ताई वाचतील, मग छापलं जाईल. उघड्या चौकटीत आठवड्यात जाहिरातींचा कचरा साठतो, हे मी शंभरदा पाहिलंय. आणि छापलं की तेही ठरीव पानाचा भाग होईल. म्हणजे उद्या यंत्र बंद पडलं तर नवी नोंद थांबेल, जुनी जाणार नाही. त्या नाट्यसंस्थेचं जे झालं ते इथं होणार नाही.

एक तोटा सांगून ठेवतो. लोक लगेच एकमेकांना उत्तर देऊ शकणार नाहीत. ११२ आणि १२१ यांच्यामध्ये दोन दिवस जातील.

---

दांडियाबाजार | मंगळवार, सकाळी ७.३०

११२ आणि १२१ यांच्यामध्ये तेव्हा काही वर्षं गेली असतील. दोन दिवस आम्हाला चालतील.

कोडवाला, रविवारच्या बैठकीत तुमची मांडणी जशीच्या तशी ठेवतो. किल्ल्याखालचा, तुमची गोष्टही वाचून दाखवणार आहे, संस्थेचं नाव न घेता. पासवर्ड कुणाकडे आणि प्रत कुणी कधी घ्यायची, हे ठरावात लिहून घेतो, पुढच्या कार्यकारिणीला बांधील राहील असं. न्यूजर्सी, ते आत्मचरित्र आहे. कपाट नऊ, वरून दुसरा खण. वडिलांना पाठवून द्या, मी काढून ठेवतो.

आता खरं काम राहिलं. सहा हजार पुस्तकं रजिस्टरांतून टंकायची आहेत. चार रजिस्टरं आहेत. पहिलं मोडीत नाही, पण अक्षर तसंच आहे.

---

सुरसागरकाठ | मंगळवार, सकाळी ९.०५

रजिस्टर तीन मी घेते. शनिवारी काउंटर संपल्यावर चारला बसू. आणि काका, टंकताना प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पानही उघडून बघायचं का? पेन्सिलीतलं जे असेल ते त्या पुस्तकाखाली पहिली नोंद म्हणून घालता येईल.

---

जुना_कंपोझिटर | मंगळवार, दुपारी १.२०

उघडा. जसं लिहिलंय तसंच टंका, शुद्धलेखन सुधारू नका.

काकांनी रात्री फाँटचं नाव आणि कार्यकारिणीचं पान पाठवलं होतं, ते करून झालं. काका, मेल बघा. तिसरी ओळ आता वाचता येते.